गोटे वाचणारी ताई

ताईचा फोन आला तेव्हा मी धानाच्या बांधीवर होतो. कापणी चालू होती.

"बापू, आजचा पेपर लय खराब छापला आहे. तुह्याकडचा घेऊन ये."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. छपाईच्या चुका ताईला आमच्याआधी दिसत. चाळीस वर्षं मी कोंढ्याच्या शाळेत मराठी शिकवलं, पण माझ्या प्रश्नपत्रिकेतल्या चुकाही तीच काढायची. दुपारी मजूर जेवायला बसले, तेव्हा पेपर पिशवीत घालून मी मोटारसायकलनं पवनीला गेलो.

ती अंगणात खुर्चीवर बसली होती. मी दिलेला पेपर तिनं उघडला, थोडा लांब धरला, मग जवळ घेतला.

"हाही तसाच आहे."

"तसाच म्हणजे?"

"अक्षरं दिसून राहिली. चांगली साफ दिसून राहिली. पण ते काय म्हणून राहिले ते समजत नाही. कोणी नवीन लिपी काढली का रे?"

असं म्हणून ती हसली. मला मात्र हसू आलं नाही. तिच्या मांडीवरचा पेपर मी वाचून पाहिला. त्यात छपाईची एकही चूक नव्हती.

ताई माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. आम्ही शेतकऱ्याची पोरं. पवनीच्या परकोटाजवळ मावशीचं घर होतं आणि सुट्टीत आम्ही तिकडे जायचो. आजूबाजूच्या टेकड्यांवर जुन्या विटा आणि कोरीव दगडांचे तुकडे पडलेले असत. आम्ही पोरं त्यांच्यावरून उड्या मारायचो. ताई मात्र बसून बोट फिरवायची. एका तुकड्यावर अधिकच्या चिन्हासारखी खूण होती. ती तिनं मावशीला दाखवली. मावशी म्हणाली, "गणित शिकवत असतील." पुढे नागपूरला प्राचीन इतिहास शिकायला गेल्यावर तिला कळलं की तो 'क' होता. दोन हजार वर्षांपूर्वीचा, ब्राह्मी लिपीतला क. त्या सुट्टीत घरी आली तेव्हा तिनं आईला पोळपाटावर पिठात तो क काढून दाखवला होता आणि बाबांना सांगितलं होतं, "ठ तं तवापासून तसाच आहे, नुसता गोल. तुम्ही सही कराले शिकले ना, मंग तुम्हाले एक अक्षर आधीच येते."

बाबांच्या नावात ठ नव्हता, तरी त्यांना ते आवडलं.

शिकून ती पवनीच्या कॉलेजात शिकवू लागली. लग्न केलं नाही. ठरवून नाही, ते राहून गेलं. दर रविवारी ती गोटे वाचायला जायची. आमच्याकडे दगडाला गोटाच म्हणतात, म्हणून गावोगावचे लोक तिला 'गोटे वाचणारी मॅडम' म्हणत. पुष्कळदा मीच तिला गाडीवर नेलं आहे. शेताच्या धुऱ्यावर, देवळाच्या पायरीला, कुठे विहिरीच्या काठाला लावलेला अक्षरांचा दगड असायचा. ताई तो धुवायची, ओला कागद चिकटवायची, जाड केसांच्या ब्रशनं ठोकून कागद अक्षरांच्या खाचांत बसवायची आणि मग काजळीची पुरचुंडी अलगद दाबत जायची. कागद काळा होई, अक्षरं पांढरी राहत. याला ठसा घेणं म्हणतात. ठसा वाळेपर्यंत ती गावातल्या बायांशी गप्पा मारायची. निघताना दगडावर काय लिहिलं आहे ते सांगून यायची. सांगितल्याशिवाय कधी परत आली नाही. "गोटा त्याईचा आहे," म्हणायची. "आपण वाचून पळून आलो तं चोरीच झाली."

अशी ही बाई आणि तिला पेपर वाचता येईना.

आम्ही तिला नागपूरला नेलं. डॉक्टर तरुण आणि शांत होते. त्यांनी कागद-पेन दिलं आणि म्हणाले, "तुमचं नाव आणि गाव लिहा." ताईनं सुरेख अक्षरात दोन्ही लिहिलं. मला इतकं हायसं वाटलं की मी उठून पाणी प्यायलो. डॉक्टरांनी कागद उलटा ठेवला, तिला इकडचं तिकडचं विचारलं, मग कागद तिच्यासमोर धरला.

"हे वाचा."

ती बघत राहिली. "कोणी लिहिलं हे?"

"तुम्हीच. आत्ता."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. लहानपणी बोडीत पोहताना एकदा तिचा पाय गाळात अडकला होता, तेव्हा तिनं असंच माझ्याकडे पाहिलं होतं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मेंदूच्या मागच्या बाजूला रक्ताची गाठ अडकली होती. उजव्या बाजूचं तिला थोडं कमी दिसत होतं, पण डोळे चांगले होते. बोलणं, आठवण, हात, सगळं शाबूत होतं. फक्त डोळ्यांनी पाहिलेलं अक्षर मेंदूत जिथं वाचलं जातं, तिथवर जायचा रस्ता तुटला होता.

"पुन्हा येईल का वाचता?" मी विचारलं.

"काहींना थोडं येतं. सांगता येत नाही."

घरी आल्यावर तिनं पहिलं काम सांगितलं ते ठशांचं. तिच्या पुढच्या खोलीत भिंतीला ठसे टांगलेले असत, कॅलेंडर टांगावं तसे. "काढून पेटीत भर," म्हणाली. "घरात अनोळखी माणसं बसल्यावाणी वाटते." मी एकेक गुंडाळून लोखंडी पेटीत ठेवला. भिंतीवर चौकोनी पांढरे डाग उरले.

हिवाळा गेला. मी एक दिवसाआड जायचो. ती स्वयंपाक करायची, रेडिओ ऐकायची, बागेतल्या मिरच्यांना पाणी घालायची. तक्रार करत नव्हती आणि मला त्याचीच भीती वाटायची. मी काही वाचून दाखवू का विचारलं, तर "राहू दे" म्हणायची. कॉलेजच्या जुन्या विद्यार्थिनी भेटायला येत, त्यांच्याशी ती भाजीपाल्याचं बोलायची.

उन्हं तापायला लागली होती, तेव्हा तो माणूस आला. पन्नाशीचा, रापलेला, हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेले मासे. मी ओट्यावरच होतो. त्यानं ओळख सांगितली. त्याचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं. आता गावातले लोक नव्या वसाहतीत राहत होते आणि धरणात मासेमारी करत होते. ताई त्याला ओळखत होती. आजारपणाच्या आधी तो एकदा येऊन गेला होता आणि तिनं येईन म्हणून शब्द दिला होता.

"मॅडम, तो गोटा वाचून द्या ना जी. माह्यावर लय आलं हाय."

मी त्याला बाजूला घेऊन ताईचं दुखणं सांगणार, तेवढ्यात ती म्हणाली, "बस. पहिल्यापासून सांग. मी विसरली."

ती विसरली नव्हती. तिला त्याच्याकडून पुन्हा ऐकायचं होतं.

गोष्ट अशी होती. जुन्या गावाच्या घाटावर एक लांबट गोटा होता आणि त्यावर बाया कपडे धुवायच्या. गाव उठलं तेव्हा लोकांनी देव उचलले, दरवाजे-खिडक्या उचलल्या. यानं तो गोटा ट्रॅक्टरमध्ये घातला, कारण त्याची आई आयुष्यभर त्यावर कपडे धूत होती आणि गाव उठायच्या आधीच ती वारली होती. गोटा उचलला तेव्हा दिसलं की खालच्या बाजूला अक्षरं आहेत. नव्या गावात त्यानं तो घरामागे उभा करून ठेवला. मग एक फिरता बैरागी आला. गोटा पाहून त्यानं सांगितलं की हा शापाचा आहे. जो जागेवरून हलवील त्याचं गाव बसणार नाही. तेव्हापासून कुणाची नाव उलटली, कुणाची गाय मेली, कुणाच्या पोरीचं लग्न मोडलं, की बोट त्याच्या घराकडे.

"माह्या घरी जेवाले कोणी येत नाही जी. नातवाचं नामकरण केलं, तं घरचेच लोक. गोटा पाण्यात नेऊन टाकीन म्हणतो, तं म्हणतात आता हलवलास तं अजून वाईट होईल."

"बैराग्याले वाचता येत होतं का?" ताईनं विचारलं.

"वाचल्यासारखं तं केलं त्यानं."

ताईनं मासे आत नेऊन ठेवले. मग माझ्याकडे वळली. "उद्या गाडी काढ."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही निघालो. ओळखीच्या एकाची चारचाकी घेतली होती. वाटेत मी म्हटलं, "ताई, तू कायले त्रास करून घेतेस? फोटो काढून कोणाले पाठवू."

"शब्द मी दिला होता," ती म्हणाली. "नाही जमलं तं तोंडानं सांगून येईन. नाही जमलं म्हणून."

वसाहतीत सरळ रस्ते, सारखी घरं, कडेला नवे कडुनिंब. लोक जमले होते, पण त्या माणसाच्या कुंपणाच्या बाहेर. गोटा मागच्या भिंतीला टेकवून उभा होता. अक्षरांची एकच ओळ होती आणि डावीकडचा कोपरा फुटलेला. त्याच्या बायकोनं प्लास्टिकची खुर्ची दिली. ताई बसली आणि बघू लागली.

तिची मान हळूहळू खाली गेली, तेव्हा मला समजलं. मी वाकून म्हटलं, "चल, जाऊ."

"पाणी माग," ती म्हणाली.

पाणी आलं. सवयीनं तिनं गोटा धुतला, खाचांतली माती काडीनं काढली. मग हात पुसला आणि उजव्या हाताचं पहिलं बोट ओळीच्या शेवटच्या अक्षरात ठेवलं. बोट वरून खाली आलं. तळाशी डावीकडे गेलं, परत उजवीकडे आलं. पुन्हा तसंच फिरलं. तिनं डोळे मिटले.

"उभी रेघ. खाली आडवी," ती पुटपुटली. "न."

मी वाकून तिच्या बोटाकडे पाहू लागलो.

"बापू, हा न आहे. अन् याच्या अंगाले टिंब. नं." बोट डावीकडे सरकलं. आता ते भराभर फिरू लागलं. "मंग याच्या आधी दा पाहिजे. आहे. दा. दानं!"

ताई आम्हाला पूर्वी नेहमी सांगायची की ही लिपी शेकडो वर्षं कुणालाच वाचता येत नव्हती. मग एका गोऱ्या अंमलदाराच्या लक्षात आलं की स्तूपाच्या कठड्यांवरच्या पुष्कळ ओळी त्याच दोन अक्षरांनी संपतात. त्यानं ताडलं की ते 'दानं' असावं, अमक्याचं दान. तिथून सगळी लिपी उलगडत गेली. आता माझी बहीण त्याच दोन अक्षरांवर बोट ठेवून बसली होती आणि डोळे मिटून रडत होती. बोट मात्र थांबलं नव्हतं.

"तु. त्याच्या आधी मा. मातु दानं." त्याच्या डावीकडे कोपरा फुटलेला होता. तिथलं अर्धवट अक्षर तिनं खूप वेळ चाचपलं. "स आहे. त्याच्या आधीचं गेलं."

तिनं डोळे उघडले आणि कुंपणाकडे तोंड केलं. कॉलेजात शिकवायची त्या आवाजात म्हणाली, "सगळे आत या. मी सांगते ते ऐका. याच्यावर शाप नाही. याच्यावर लिहिलं आहे, कोणाच्या तरी आईचं दान. नाव फुटलं आहे. पवनीकडे स्तूप बांधला तवा लोकाईनं एकेक गोटा दिला, त्यातला हा एका बाईनं दिला. मंग कधी कोणी उचलून घाटावर आणला असेल."

"शाप नाही?" एका म्हातारीनं विचारलं.

"नाही."

"अन् एवढंच लिवलं हाय?"

"एवढंच."

"माय गं!" म्हातारी वैतागली. "एवढ्यासाठी आम्ही इतके दिवस भेवून राहिलो?"

लोक हसले. हसत हसतच ते आत आले. एकानं गोट्यावर हात ठेवून पाहिला, मग दुसऱ्यानं. तो माणूस मात्र दाराच्या चौकटीला धरून उभा होता. "माही मायच तं धूत होती त्याच्यावर," एवढंच त्याला बोलता आलं. त्याच्या बायकोनं चुलीवर चहाचं मोठं गंज, आमच्याकडचं पातेलं, चढवलं आणि त्या दिवशी शेजारच्या बायांनी तिच्या हातचा चहा घेतला.

परतीच्या वाटेत ताई खिडकीला डोकं टेकून झोपून गेली. माझ्या मनात मात्र किडा शिरला. आईच्या आठवणीसाठी गोटा आणणारा माणूस आणि गोट्यावर आईचंच दान. इतकं जुळून येतं का? तिनं खरंच वाचलं, की त्याची दशा पाहून रचलं? रचलं असेल तर भल्यासाठीच. पण मग तिला वाचता आलंच नव्हतं आणि मघाचा सगळा आनंद खोटा होता. तिला विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मी तिच्या एका जुन्या विद्यार्थिनीला फोन केला. ती आता सिहोऱ्याला शाळेत शिकवते. ताईच्या हाताखाली ठसे घेऊन तयार झालेली. मी तिला ताईचं वाचन सांगितलं नाही. फक्त म्हटलं, एक गोटा आहे, पाहून घे. पुढच्याच रविवारी ती कागद, ब्रश घेऊन वसाहतीत गेली आणि तिथून ठसा घेऊन थेट पवनीला आली. मी आधीच येऊन बसलो होतो. तिनं टेबलावर ठसा पसरला.

"काय आहे?" मी विचारलं.

"मातु दानं," ती म्हणाली. "त्यात शंकाच नाही सर. फक्त पहिलं अक्षर—"

पुढचं मी ऐकलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन माठाला टेकून उभा राहिलो. छातीवरून धानाचं पोतं उतरावं तसं झालं. ताईला वाचता येत होतं. माझी बहीण परत आली होती.

बाहेर आलो तर भांडण चाललं होतं.

"मॅडम, हा स नाही. य आहे. पाहा ना, मधला दांडा वर गेला आहे."

"दांडा नाही तो. गोटा चिरला आहे तिथं. मी बोटानं पाहिलं."

"चीर एवढी सरळ नसते मॅडम."

"तू तिथं कोणत्या उन्हात ठसा घेतला? दुपारी? कागद लवकर वाळला असेल."

मी विचारलं, स असो की य, फरक काय पडतो? दोघी एकदमच माझ्याकडे वळल्या. स असेल तर लेकाची आई, य असेल तर लेकीची आई. फरक एवढा. पण त्यावर त्या जेवण होईपर्यंत भांडल्या. तिखट, गोड, जुने दाखले काढून, एकमेकींना वेड्यात काढून. इतक्या महिन्यांत ताई पहिल्यांदाच कुणावर ओरडली होती. मी वरण वाढत राहिलो आणि मला वाटत होतं, हे असंच चालू द्यावं.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. डोळ्यांचा रस्ता बंद झाला तरी हाताचा वेगळा असतो, म्हणाले. अक्षर गिरवलं की कधीकधी ते ओळखू येतं. सराव ठेवा. ताईनं सराव ठेवला. छापील मथळ्यावर ती बोट फिरवते, पुढे पुढे हवेत किंवा मांडीवरच अक्षर गिरवते. आधी एका शब्दाला चहा थंड व्हायचा. आता बातमीचा एक परिच्छेद होतो. मग थकते आणि पेपर बाजूला ठेवते. पूर्वीसारखं वाचणं नाही आलं, येणारही नाही म्हणतात. तिनं ते मान्य केलं आहे. मी अजून पुरतं केलेलं नाही.

ठसे पेटीतून बाहेर निघाले. जुन्या विद्यार्थिनींनी त्यांचे फोटो काढून ठेवले, काही पुन्हा भिंतीवर गेले. सिहोऱ्याची ती बाई तिच्या शाळेतल्या पोरांना ओल्या मातीत ब्राह्मीतली स्वतःची नावं कोरायला लावते आणि डोळे मिटून एकमेकांची वाचायला लावते. ताई एकदा तिथं जाऊन आली. तिनं पोरांच्या मातीच्या पाट्या चाचपून वाचल्या आणि दोन पोरांना शुद्धलेखनावरून झापलं.

गोटा वसाहतीतच आहे. सरकारी खात्याला कळवलं, त्यांची माणसं येऊन पाहून गेली. गावकऱ्यांनी समाजमंदिराच्या ओसरीत त्याच्यासाठी चौथरा बांधला. तो मासे विकणारा माणूस पवनीच्या बाजाराला आला की ताईकडे चहा घेऊन जातो. मागच्या वेळी तो पत्रिका द्यायला आला होता, थोरल्या पोरीच्या लग्नाची. मांडव गावभर पुरेल एवढा टाकणार, म्हणाला.

मध्यंतरी एका संशोधनाच्या मासिकात त्या ओळीवर छोटी टीप छापून आली, गुरू-शिष्य दोघींच्या नावानं. मासिक टपालानं आलं तेव्हा मी तिथं होतो. ताई म्हणाली, "वाच." मी वाचू लागलो. पहिल्या अक्षराबद्दल टीपकर्त्यांत मतभेद आहे, असं तिथं लिहिलेलं होतं आणि पुढे बारीक टायपात विद्यार्थिनीचं म्हणणं सविस्तर दिलं होतं.

"थांब," ताई म्हणाली. "तिचं किती ओळी आहे अन् माहं किती?"

"तिचं जास्त आहे."

"आण इकडे." तिनं मासिक माझ्या हातातून घेतलं, चष्मा काढून ठेवला आणि पहिल्या ओळीवर बोट टेकवलं. "तू जा आता कोंढ्याले. मले हे वाचाले वेळ लागते."